टीम जुंपून पाहिली त्या हंगामात

यंदा कापूस दसऱ्याआधीच फुटला. सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. म्हणजे कोणाचा तरी माल भरून गेला. आता ट्रॉल्या जातात, तेव्हा बैलगाड्या जायच्या, पण बाभूळ तेव्हाही आपला वाटा काढून घ्यायची आणि अजून घेते. ते पुंजके दिसले की लोकांना म्हणे भाव आठवतो. मला जवसाच्या तेलाचा आणि कोऱ्या चामड्याचा वास येतो. हे कोणाला सांगावं तर म्हणतील, म्हातारी सरकली.

घरी आले तर नात फोनवर कोणाशी तरी हमरीतुमरीवर आलेली. कॉलेजातून सुट्टीवर आली आहे. विलायतेतल्या कुठल्याशा फुटबॉल टीमचा मालक कर्जात बुडाला म्हणे, आणि आता तो टीम विकायला निघाला आहे. ही इथं दारव्ह्यात आमच्या ओट्यावर बसून त्या गोऱ्या मालकाची सालटी काढत होती. टीम काय त्याच्या बापाची आहे का, ती लोकांची असते, वगैरे. मी शेंगा सोलत ऐकत होते. मनात म्हटलं, बाई गं, हा सगळा वाद मी ऐकून बसले आहे, तुझ्या बापाचा जन्म व्हायच्या आधी.

मराठी माणसांचं नवं राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी कळंबची, लग्न होऊन दारव्ह्यात नवीनच आलेली. आमचं सायकलचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मधे फळ्यांची आडभिंत. फळ्यांच्या फटींतून पुढचं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझ्या फोडणीचा वास पुढं जायचा. दुकानात सायकली कमी आणि माणसं जास्त. चहा किती टाकायचा ते मी आवाजांवरून ठरवायची. आवाज चढले की पातेलं मोठं.

हे सगळे फुटबॉलवाले. खेळणारे नव्हेत, पाहणारे. खेळणारी पोट्टी, म्हणजे गावातली पोरं, संध्याकाळी मैदानावर असायची आणि खेळून झालं की मुकाट घरी जायची. बोलायचं काम पाहणाऱ्यांकडं होतं. त्यात आमचे हे सगळ्यांत पुढं. लोक यांना गजूभाऊ म्हणत. यांनी जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता. एकदा लावायला गेले तर चप्पल गोलात आणि बॉल जागेवरच. पण बॉलच्या आतला ब्लॅडर फाटला की तो आमच्याकडं यायचा, ट्यूबचं पंक्चर काढायच्या सोल्युशननं हे तो जोडून द्यायचे, आणि मग बॉल इथंच मुक्कामाला. माझ्या घरात तांदळाच्या डब्यावर नव्या नवरीच्या हळदीकुंकवाची ताटली असायची आणि तिच्या शेजारी तो बॉल. सासरी आल्यावर मी पहिली भांडले ती त्याच्याशी.

मैदान म्हणजे शेठजींच्या जिनचं अंगण. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापूस यायच्या आधी ते अंगण रिकामं असायचं, हिरवं गवत, कडेला वाफेच्या बॉयलरचं काळं धुराडं. पाऊस सुरू झाला की तिथं फुटबॉल सुरू. दसऱ्याला कापसाची पहिली गाडी फाटकातून आत आली की फुटबॉल बंद. गोलाचे खांब उपटून भिंतीला टेकवायचे आणि जिथं पेनल्टी मारायची तिथं कापसाची गंजी लागायची. पोट्टी त्या गंजीवर उड्या मारून शिव्या खायची. आमच्याकडं ऋतू सहा नव्हतेच मुळी. एक बॉलचा आणि एक कापसाचा.

शेठजींना खेळाचा भारी नाद. छत्री घेऊन खुर्चीवर बसायचे, गोल झाला की छत्री उघडायचे. टीमची निळी बनियनं त्यांची, बॉल त्यांचा, मैदान त्यांचं, खेळून झाल्यावर मिळणारे फुटाणेही त्यांचे. म्हणून सगळा तालुका तिला शेठची टीम म्हणायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्या साली शेठजींच्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या. जिनला कुलूप लागलं. शेठजी अकोल्याला राहायला निघाले. वाटण्यांत भांडी वाटली, घोडागाडी वाटली, गाईवासरं वाटली. टीम मात्र कोणाच्या वाटणीला येईना. धाकटा म्हणाला, ती पोसायची कोणी. थोरले म्हणजे शेठजी. ते म्हणाले, मी तर अकोल्याला चाललो. असं करता करता टीम वाऱ्यावर.

आणि मग दुकानात जो वाद पेटला, तो बॉलच्या ऋतूतून थेट कापसाच्या ऋतूत गेला.

घुगे मास्तर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. त्यांचं म्हणणं, टीम खेळणाऱ्यांची. पाय ज्याचे, टीम त्याची. बाबाराव म्हणजे बाभुळगावच्या रस्त्याला शेती असलेले आमचे कास्तकार आणि बैलांच्या बाजारातले जाणते. ते म्हणायचे, जो वैरण घालतो त्याचं जनावर, यात वाद कायचा? आमचे हे दोघांवरही उखडायचे. यांचं म्हणणं, पाय पोट्ट्यांचे, फुटाणे शेठचे, पण पावसात भिजत उभं कोण राह्यलं? घसा कोणाचा बसला? टीम पाहणाऱ्याची. मास्तर म्हणायचे, मग सिनेमाही पाहणाऱ्याचाच म्हणा. त्यावर हे दोन दिवस मास्तरांच्या सायकलीत हवा भरून देत नव्हते.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की बॉल ज्या बाईच्या तांदळावर झोपतो, टीम तिची. सगळी निळी बनियनं आमच्याच आडावर धुतली जात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या परसात वाळत पडत. गोलकीपरच्या बनियनाला खांद्यावर किती ठिगळं आहेत हे दारव्ह्यात फक्त मला माहीत होतं.

तो गोलकीपर म्हणजे थावरू. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. उंच, काटकुळा, अनवाणी. उडी अशी मारायचा की बॉल नाही, खाली पडणारं लेकरू झेलतो आहे असं वाटावं. मला वैनी म्हणायचा आणि डोळे वर करून बोलायचा नाही. टीम मोडायला निघाली तेव्हा सगळ्यांत शांत तोच होता. म्हणाला, टीम नसली तर मी वावरात जाईन, पण गजूभाऊ संध्याकाळी काय करतील?

हे मी फटीतून ऐकलं. खरं होतं ते. यांना पत्त्यांचा नाद नव्हता, तंबाखूचा नव्हता, देवळातही हे माझ्या भीतीनंच जायचे. दिवसभर लोकांच्या चाकांशी झटणाऱ्या या माणसाचं संध्याकाळी म्हणून स्वतःचं जे काही होतं, ते एवढंच. उद्या टीम दुसऱ्याची झाली तर हे पाहायला जातील हो, पण पाहुण्यासारखे.

तेवढ्यात ठेकेदारसाहेब आले. जंगलातल्या लाकडांचे ठेकेदार. पांढराशुभ्र शर्ट, स्वतःची जीप, हसतमुख माणूस. त्यांना टीम हवी होती. सगळा खर्च करतो म्हणाले, बूट देतो, यवतमाळच्या दिवाळीनंतरच्या सामन्यांना नेतो. फक्त टीमला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं, आणि पुढच्या साली नागपूरकडून चांगले खेळाडू आणायचे. मग आपल्या पोट्ट्यांचं काय, असं मास्तरांनी विचारलं. ठेकेदारसाहेब म्हणाले, जे चांगले असतील ते राहतील की. थावरू तेव्हा तिथंच बसला होता. अनवाणी पाय त्यानं हळूच मागं घेतले.

दुकानात दोन तट पडले. मास्तरच फिरले. म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा दत्तक गेलेलं बरं. यांनी त्या दिवशी मास्तरांना चहा दिला नाही, मीच फटीतून कप पुढं सरकवला.

सौदा शेवटी झाला तो बाबारावांच्या वावरात, सीतादहीच्या दिवशी. आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी अशी उठून कोणी सुरू करत नाही. आधी कापसाच्या झाडांची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, वावरात चारी बाजूंना शितं टाकायची, आणि मग पहिलं बोंड. त्या दिवशी शेजारपाजारच्या सगळ्या बायका ओटी बांधून येतात. मीही गेले होते. ऊन कोवळं होतं, बोंडांवर दव होतं, बोटांना कापूस थंडगार लागत होता आणि बोंडाची टोकं नखांशी टोचत होती. दहीभाताला लिंबाच्या लोणच्याचा वास. बांधावरच्या आंब्याखाली पुरुषमाणसं जेवायला बसली होती, त्यात ठेकेदारसाहेब आणि तांड्याचे नायकही. बाबारावांचे दोन बैल पलीकडं कडबा चघळत उभे.

हरलाल नायक म्हणजे थावरूचे मोठे काका. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातलेला, त्यामुळं बैलाच्या व्यवहारात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. वाद सुरू झाला तसे ते ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, भांडता कायले? बैल कसा घेता तुम्ही? पैसे टाकले अन् घेऊन गेले, असं करता का?

तर आमच्याकडं बैल असा घेतात. आधी इसार द्यायचा, म्हणजे सौद्याची खूण म्हणून काहीतरी. मग बैल घरी न्यायचा आणि जुंपून पाहायचा. बैल औतात खाली बसला, किंवा मारका निघाला, तर ती खोड, इसारासकट व्यवहार मागं. पण बैलात खोड नाही आणि घेणाऱ्याचंच मन फिरलं, तर बैल परत करता येतो, इसार मात्र बुडाला.

ठेकेदारसाहेब खूष. त्यांचा स्वतःचा धंदा बैलगाड्यांवर लाकडं वाहून सुरू झालेला, त्यांना ही भाषा आपलीच वाटली. ठरलं असं की इसार म्हणून साहेबांनी सगळ्यांना बूट आणि एक कोरा बॉल द्यायचा. यवतमाळचे सामने म्हणजे जुंपून पाहणं. पसंत पडली तर टीम कायमची त्यांची, नाव त्यांचं, खेळाडू त्यांच्या मर्जीचे. नाही तर परत. नायकांनी साहेबांचा आणि बाबारावांचा हात एकमेकांच्या हातात दिला. एका फुटबॉलच्या टीमचा सौदा बैलाच्या अटींवर झाला, आणि तिथं बसलेल्या एकालाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आता नातीला सांगितलं तर ती लोळेल.

बूट आले. कोरे, लाकडासारखे कडक. आमच्या पोट्ट्यांनी आयुष्यात बूट घातले नव्हते. यांनी दुकानातच घाणा मांडल्यासारखं केलं, जवसाचं तेल कोमट करायचं आणि चिंधीनं बुटांत जिरवायचं. भाकरीला तो वास, पांघरुणाला तो वास, माझ्या केसांना तो वास. मी म्हटलं, शत्रूच्या बुटांना एवढं तेल कायले पाजता? तर म्हणाले, पाय तर आपल्याच पोट्ट्यांचे आहेत न.

आणि आता माझ्या नवऱ्याची पंचाईत पाहा. यवतमाळला जिंकलो तर साहेब खूष, म्हणजे टीम गेली. हरलो तर साहेब नाराज, म्हणजे टीम परत. ज्या माणसानं आयुष्यभर टीम जिंकावी म्हणून घसा फोडला, त्याला आता ती हरावी म्हणून प्रार्थना करायची होती. जेवता जेवता यांचा हात थांबायचा. दुकानातही हीच अवस्था. बाबाराव उघड म्हणायचे की यंदा पडली पाहिजे टीम. मास्तर म्हणायचे, असं बोलू नये, जीभ झडते. हे काहीच बोलायचे नाहीत, आणि गजूभाऊ गप्प म्हणजे दारव्ह्यात काहीतरी बिघडलं असं लोक समजायचे.

मी माहेरी जायचं निमित्त काढलं. यवतमाळला सामना पाहून पुढं कळंबला जाईन म्हटलं. यांना विचारलं, तिथल्या चिंतामणी गणपतीला काय मागू? जिंकू दे म्हणू का हरू दे म्हणू?

यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याले सांग, काय ते तुम्हीच पाहा."

आमच्या छोट्या आगगाडीनं आम्ही यवतमाळला गेलो. ती गाडी अशी की चढावर पोट्टी उतरून शेजारून चालायची आणि पुन्हा चढायची. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, पिवळी पडत आलेली ज्वारी, तुरीवर फुलं. सगळी टीम गळ्यात बूट अडकवून बसली होती. थावरूची आई माझ्या शेजारी, अंगात आरशांची काचोळी, हातभर चुडे, पहिल्यांदाच गाडीत. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की माझ्या पोराकडं बॉल येतो तो लोक त्याला मारायला फेकतात का. मी म्हटलं, थोडंफार तसंच.

मैदानावर बायका आम्ही दोघीच. गोलाच्या मागं एक रिकामी बैलगाडी सोडलेली होती, तिच्यावर चढून बसलो. ठेकेदारसाहेब पुढं खुर्चीवर, पायाशी झेंडूच्या हारांची टोपली झाकून ठेवलेली. आमचे लोक आणि हरलाल नायक दोरीपाशी उभे, आणि कोणाच्याच तोंडातून शब्द फुटत नव्हता. काय ओरडायचं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

खेळ सुरू झाला आणि बुटांनी इंगा दाखवला. बॉल एकीकडं, पाय दुसरीकडं. जो उठतो तो घसरतो. थावरू उडी मारायला गेला तर जमिनीनं त्याला धरून ठेवल्यासारखं झालं. दोन गोल बसले. त्याच्या आईनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

मधल्या सुट्टीत थावरू खाली बसला, बूट काढले, आणि दोन्ही व्यवस्थित गोलाच्या खांबाशी ठेवले, देवळाबाहेर चपला ठेवतात तसे. पायांना फोड आले होते. त्याचं पाहून सगळ्यांनीच काढून ओळीनं ठेवले. ठेकेदारसाहेबांचा चेहरा पडला. त्यांच्या इसाराची ती रांग सगळ्या यवतमाळनं पाहिली.

पण मग खेळ काय झाला, काय सांगू. तीच पोट्टी, तेच पाय, पण जिनच्या अंगणात धावायची तशी धावायला लागली. थावरूनं बॉल अडवला, पुन्हा अडवला. आणि आमचे हे. हरलो तर टीम आपली, हे ज्यांच्या डोक्यात महिनाभर घोळत होतं, तेच हे दोरी ओलांडून आत गेले आणि बोंबलायला लागले, मार, मार रे, मार. बाबारावही ओरडत होते. मास्तरांची टोपी कुठं गेली ते त्यांना कळ्ळं नाही. मीसुद्धा गाडीवर उभी राहिले, पदर कमरेला, नव्या सुनेचं सगळं भान गेलं. एक गोल फिटला. मग अगदी शेवटी आपल्या पोट्ट्यानं मारलेला बॉल त्यांच्या गोलाच्या खांबाला लागून बाहेर गेला. त्याचा जो आवाज झाला, लाकडावर चामड्याचा, तो मला अजून ऐकू येतो. शिट्टी झाली. हरलो.

ठेकेदारसाहेबांनी जागेवरूनच हात झटकले. चिडले नाहीत, त्यांच्या स्वभावात ते नव्हतं. नायकांना म्हणाले, घेऊन जा तुमची टीम, मला काही पसंत नाही, आणि बूट तेवढे माझे गोळा करा. बाबाराव लगेच पुढं झाले. म्हणाले, बूट इसाराचे आहेत. साहेब म्हणाले, खोड निघाली न बैलात. मग सगळे नायकांकडं पाहायला लागले.

नायकांनी सावकाश विचारलं, "बैल खाली बसला काय?"

साहेब म्हणाले, नाही.

"मारका निघाला काय?"

"नाही जी. हरला."

"पडेपर्यंत पळाला तो. ही खोड नव्हे. इसार राह्यला."

साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, बैलाच्या सौद्यात बैलवाल्यानंच फसवलं मला. हारांची टोपलीही तिथंच सोडली त्यांनी. झालं, आमच्या लोकांना उधाण आलं. टीम परत, वर बूट, वर कोरा बॉल. मास्तर आणि बाबाराव, जे दसऱ्यापासून एकमेकांशी धड बोलत नव्हते, ते मिठ्या मारत होते. झेंडूचे हार पोट्ट्यांच्या गळ्यात पडले. थावरूच्या आईला वाटलं आपण जिंकलो, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली, आणि कोणी तिला खरं सांगितलं नाही. पुढं पोसायचं कसं, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढं ते कसंबसं भागलं, दरसाल भागत गेलं, जिनही दुसऱ्या कोणी घेऊन उघडली.

मी यांना शोधत होते. गर्दीत कुठं दिसेनात. मग दिसले, त्याच खांबापाशी, ज्याला शेवटचा बॉल लागला होता. खाली बसलेले, डोकं गुडघ्यात. जवळ जाऊन पाहते तर रडत होते. लपवून नाही, चांगले हुंदके देऊन, लहान मुलासारखे. माझं लग्न होऊन इतके दिवस झाले, मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. चार लोकांत नवऱ्याच्या खांद्याला हात लावायची आमच्यात रीत नाही, पण मी लावला. म्हटलं, टीम आपल्याकडंच राह्यली न, तुम्हाला जे पाहिजे होतं तेच झालं, मग?

तेवढ्यात ठेकेदारसाहेब जीपकडं जाताना तिथून निघाले. थांबले. त्यांना वाटलं काही दुःखाची बातमी आली. वाकून विचारलं, "काय झालं गजूभाऊ?"

यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "हरलो न, साहेब."

"ते तर झालंच. पण तुम्ही रडून काहून राह्यले?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहत ते जीपमधे बसले आणि निघून गेले.